वेशीवर ठेवलेली देविका

दोन हजार चोवीस सालचे गणपती दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या सोसायटीत नेहमीसारखेच आले नि गेले. पण करंदीकरांच्या घरात त्या वर्षाचं नाव निघालं की गणपतीची आठवण कुणी काढत नाही. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघालेली कादंबरी एक बूट पायात आणि एक हातात अशी दारातूनच ओरडली, "आजी! तुझा गेम! पार्ट टू येतोय! अनाउन्स झालं!"

वृंदाताई कोथिंबीर निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी वर्तमानपत्रावर टाकली आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईनं उठू नये इतक्या झटक्यात त्या उठल्या. 'कुठला गेम?' असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना गेम एकच होता. त्याच्या दुसऱ्या भागाची त्या पंचवीस वर्षं वाट बघत होत्या. दर दिवाळीला फराळाची ताटं झाली की नातीला म्हणायच्या, "जरा बघ गं, निघाला का?" नात फोनमध्ये बघून सांगायची, "नाही आजी. दुनिया भर के लोग वाट बघतायत, पण नाही." जगभरची माणसं वाट बघताहेत म्हटल्यावर आणखी एक वर्ष थांबायला त्यांना जड जात नसे.

"खरं सांगतेयस?"

"सच्ची. व्हिडिओपण आलाय. दाखवू?"

"थांब! नको दाखवूस." वृंदाताईंनी दोन्ही हात वर केले. "देविका आल्याशिवाय नाही बघायचा. तिला आधी फोन लाव."

देविका म्हणजे त्यांची धाकटी नणंद. ती नोएडाला राहायची. आणि तिच्याशिवाय तो व्हिडिओ का बघायचा नव्हता, हे कळायला थोडं मागं जायला हवं.

नव्व्याण्णव साली करंदीकर सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होते. दत्तात्रय एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, वृंदाताई शाळेत भूगोल शिकवायच्या. मुलगा परीक्षित इंजिनिअरिंगला, म्हणून घरात कॉम्प्युटर आला. मुलगा गेला हॉस्टेलला, आणि कॉम्प्युटर राहिला विणलेल्या झाकणाखाली. तेव्हा दत्तात्रयांनी नेहरू प्लेसच्या एका फुटपाथवरच्या दुकानदाराकडून एक गेमची सीडी आणली. मुलगा सुट्टीत आला की खेळेल, हा हेतू. मुलगा येण्याआधी बायकोनंच झाकण काढलं.

गेमचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. घरात त्याला 'धुक्याचं राज्य' म्हणायचे. उत्तरेकडून धुक्याची फौज एकेक गाव गिळत येते आणि सहा सोबती तिला अडवायला निघतात, अशी गोष्ट. सहाही जणांना नावं आपण द्यायची. वृंदाताईंनी घरातलीच दिली. तलवारबाज परीक्षित. जादूगार दत्तात्रय, कारण तो सगळ्यांच्या मागे उभा राहतो आणि शेवटी एकच मंत्र म्हणून श्रेय घेऊन जातो. जखमा बऱ्या करणारी वैदू त्या स्वतः. चोर म्हणून देविकाचा दहा वर्षांचा राघव. सासूबाईंना त्यांनी हातात ढाल देऊन सगळ्यांच्या पुढे उभं केलं. त्यामागे काही हेतू नव्हता, असं त्या अजूनही सांगतात. आणि तिरंदाज देविका.

देविका त्या साली भोपाळहून, नवऱ्याशी पटेना म्हणून, मुलाला घेऊन भावाकडे आली होती. दिवसभर नोकरीचे अर्ज लिहायची आणि संध्याकाळी वहिनीच्या शेजारी वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून गेम बघायची. भूगोलाच्या बाईंचा नकाशा आणि नणंदेची नजर, अशी जोडी जमली. सात महिने दोघी त्या राज्यात हिंडल्या. भाजी करपली, वह्या तपासायच्या राहिल्या, सासूबाईंनी दोनदा अबोला धरला.

मग समुद्रकाठची वेस आली. मागून धुकं, पुढे जहाज. वेशीचं दार आतून कुणीतरी लावून धरलं तरच बाकीचे जहाजावर पोचणार. पडद्यावर सहा चेहरे आले. एकाला मागं ठेवायचं होतं.

वृंदाताईंनी बराच वेळ विचार केला आणि तिरंदाजावर बोट दाबलं.

"मला?" शेजारून देविका म्हणाली. तिच्या हातात पोह्यांची बशी होती. "वहिनी, मला वेशीवर टाकून चाललात सगळे?"

"अगं, पुढे येऊन सोडवायचंच आहे तुला."

जहाज सुटलं. वेशीवर एक बारकी आकृती धनुष्य ताणून उभी राहिलेली दिसली, आणि पडदा काळा झाला. अक्षरं आली, की पुढील कथेसाठी दुसरी सीडी घाला.

दत्तात्रयांनी सीडी बाहेर काढली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि निकाल दिला, "पुढचा भाग दुसऱ्या सीडीत काढणार असतील. निघाली नसेल अजून."

मासिकांतल्या कादंबऱ्या 'क्रमशः'वर सोडून महिनाभर पोस्टमनची वाट बघण्यात वृंदाताईंचं लहानपण गेलेलं. ऐन रंगात आलेली गोष्ट अशी तोडतात, यात त्यांना नवल वाटलं नाही. उलट, चांगल्या लेखकाचं लक्षण वाटलं.

दोन महिन्यांनी देविकाला नोएडात हिशेबनीस म्हणून नोकरी लागली आणि राघवला घेऊन ती तिकडे राहायला गेली. पहिल्या दिवाळी बोनसमधून तिनं स्वतःचा कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर दुसराच गेम लावला, 'सात मनोरे'. त्यात सोबती नाहीत. एकटीनं जायचं, एकटीनं लढायचं.

तेव्हापासून दोघींची जी जुंपली ती जुंपलीच.

*

फोन केला त्याच दुपारी देविका हजर. मेट्रोची ब्लू लाइन नोएडाहून थेट द्वारकेला येते, त्यामुळे बसायला जागा मिळाली की तिची झोप होते. आल्या आल्या पर्स सोफ्यावर टाकून म्हणाली, "चला, तुझ्या एकुलत्या एकाला भावंड होतंय म्हणायचं! माझ्या मनोऱ्यांचे तीन भाग निघाले, तरी मी कधी पेढे वाटले नाहीत."

"तिसरा कसा होता ते सांग ना सगळ्यांना."

"तिसऱ्याचं नाव काढू नकोस."

"नाही, सांग ना."

"एवढं मोठं रान केलंय, एवढं आकाश, आणि बोलायला एक माणूस नाही," देविका चिडून म्हणाली. "पहिल्या भागात धर्मशाळेतली म्हातारीसुद्धा तुमच्याशी तासभर बोलायची. तिच्या सुनेचं गाऱ्हाणं ऐकलं तरच तळघराची किल्ली द्यायची. तिसऱ्यात नुसते घोडे पळवायचे. पण चौथ्यात सुधारतील बघ. जुनी लिहिणारी मंडळी परत घेतलीयत म्हणे."

"तुमच्यात बोलणंच फार. आमच्यात डोकं लागतं. सहाजणांना कुठे उभं करायचं, कुणाला कधी मागं घ्यायचं..."

"हो, मागं ठेवण्यात तर तुझा हातखंडा."

दत्तात्रय वर्तमानपत्रामागून म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली. दुसरं काही भांडण नाही का तुम्हाला?"

"दादा, तू जादूगार आहेस. तू मागे उभा राहा," देविका म्हणाली.

हसण्यावारी जात असलं तरी त्या बोलण्यात एक बारीकसं कुसळ असायचं आणि वृंदाताईंना ते दर वेळी टोचायचं. 'पुढच्या भागात सोडवते' हे त्यांनी किती वेळा म्हटलं असेल! आणि आता वेळही थोडा होता. राघवनं पुण्यात घर घेतलं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीला देविका दिल्ली कायमची सोडणार होती. त्याआधी तिला त्या वेशीवरून उतरवायचं, हे वृंदाताईंनी सकाळीच मनात पक्कं केलं होतं. दुसरा भाग लगेच विकत मिळेल, अशीच त्यांची समजूत होती.

कादंबरीनं व्हिडिओ टीव्हीवर लावला. धुकं आलं, समुद्र आला. आणि मग वेस दिसली, तीच. पण दार सताड उघडं, भिंतीतून झाडं उगवलेली. एक घोगरा आवाज सांगत होता, की वेस मुक्त झाली त्याला तीस हिवाळे लोटले, आणि धुकं आता परत येत आहे.

"मुक्त झाली?" वृंदाताई ताडकन म्हणाल्या. "कुणी केली मुक्त? मी कुठे केली अजून?"

"आजी, वेस मतलब?"

"गावाचं मोठं दार गं. ते सोड. यांनी मधला एक भागच गाळलाय! देविका अजून तिथे उभी आहे आणि हे तीस वर्षं पुढे गेले?"

शेवटी तारीखही आली. गेम वर्षभरानंतर निघणार होता. वृंदाताईंनी बोटांवर महिने मोजले. वर्षभरानं देविका पुण्यात असणार आणि वेस आधीच कुणीतरी परक्यानं सोडवलेली.

कादंबरी फोनमध्ये काहीतरी बघत होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आजी, एक मिनिट. तुझ्या गेममध्ये चॅप्टर किती होते?"

"पाच."

"इथे नऊ लिहिलंय."

"चुकीचं लिहिलं असेल."

"नाही यार, सगळीकडे नऊ आहे. तीन सीडींचा गेम होता हा. तुझ्याकडे किती होत्या?"

वर्तमानपत्राची पानं उलटायचा आवाज एकदम थांबला, आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"अहो," वृंदाताई म्हणाल्या.

दत्तात्रयांनी वर्तमानपत्र हळूहळू घडी करून मांडीवर ठेवलं. "त्या माणसाकडे तीन होत्या," ते म्हणाले. "म्हणजे, त्यानं तिन्ही पुढे केल्या होत्या. तिन्हींवर चित्र एकच. खाली बारीक अक्षरात एक बाय तीन, दोन बाय तीन, तीन बाय तीन."

"मग?"

"मला वाटलं, ट्रिप्लिकेट."

"काय?"

"अगं, तिहेरी प्रत! आमच्याकडे प्रत्येक कागद तसाच निघायचा. एक मूळ, एक फाइलला, एक अकाउंट्सला. मी म्हटलं, घरात खेळायला मूळ प्रत पुरे. बाकीच्या दोन घेऊन ठेवायच्या कुठे?"

पहिल्यांदा देविका हसली. मग कादंबरी, तिला ट्रिप्लिकेट कळलं नव्हतं तरी. वृंदाताईंना रागवायचं होतं, पण तोंड उघडलं आणि हसूच बाहेर पडलं. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं! ज्या दुसऱ्या भागासाठी मी जीव टाकत होते, तो नेहरू प्लेसच्या फुटपाथवर होता. आणि हे माझे जादूगार!"

"तरी मी त्याला भाव कमी करायला लावला होता," दत्तात्रय म्हणाले.

मग वृंदाताईंच्या एकदम लक्षात आलं आणि त्यांचं हसू थांबलं. "म्हणजे वेस सोडवायची अजून शिल्लक आहे. चार प्रकरणं आहेत पुढे!"

"आहेतच," कादंबरी म्हणाली. "जुना गेम ऑनलाइन मिळतो. आत्ता लावून देते लॅपटॉपवर, टीव्हीला जोडून. पण पहिल्यापासून खेळावं लागेल हं."

"पहिल्यापासून तर पहिल्यापासून. आणि ए, पुढे काय होतं ते वाचायचं नाही. वाचलंस तर फराळ बंद."

*

सात महिन्यांचा प्रवास आता अडीच महिन्यांत करायचा होता. देविका आता निवृत्त होती, त्यामुळे सोमवारी सकाळी यायची आणि शुक्रवारी संध्याकाळी जायची. घरातल्या कामाची घडीच बदलली. कुकर लावणं दत्तात्रयांकडे आलं, ही त्यांना झालेली शिक्षा. परीक्षित मानेसरच्या कारखान्यातून दमून यायचा, तर सोफ्यावर आई आणि आत्या, चष्मे नाकावर, आणि टीव्हीवर त्याचंच नाव असलेला तलवारबाज दलदलीत रुतलेला.

"आई, मला जरा बाहेर काढ ना," तो डबा ठेवता ठेवता म्हणायचा.

"तुझ्या आजीला ढाल घेऊन पुढे पाठवलंय. ती आली की काढते."

वृंदाताईंची बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती. पण नकाशा त्यांच्या डोक्यात होता तसाच होता. कुठल्या विहिरीत पायऱ्या आहेत, कुठला पूल खोटा आहे, कुठला पुजारी रात्री लांडगा होतो. देविका प्रत्येक गावात हटून बसायची, "त्या लोहाराशी बोल ना जरा. माझ्या मनोऱ्यांत लोहारानं मला त्याच्या मेलेल्या भावाची तलवार दिली होती." एकदा वृंदाताई कंटाळून बोलल्या, तर लोहारानं खरंच एक भुयार दाखवलं, जे नव्व्याण्णव साली त्यांना सापडलंच नव्हतं.

"बघ!" देविकानं टाळी दिली. "बोलावं माणसांशी."

दिवाळी झाली आणि दिल्लीवर धूर उतरला. खिडक्या बंद, कादंबरीचं कॉलेज ऑनलाइन, समोरची बिल्डिंग दिसेना. आत टीव्हीवरही धुकं. अशा एका दुपारी पाचवं प्रकरण संपत आलं आणि पडद्यावर पुन्हा ते सहा चेहरे आले. कुणाला वेशीवर ठेवायचं?

वृंदाताईंचं ठरलेलं होतं. त्यांनी बाण वैदूच्या चेहऱ्यावर नेला, म्हणजे स्वतःच्या.

"अगं, वैदू मागं ठेवलीस तर पुढे आम्ही सगळे मरू," दत्तात्रय म्हणाले.

"मरा. या वेळी मी थांबते."

देविकानं पुढे वाकून माउसवर हात ठेवला. "वहिनी, मला ठेव."

"आता जुनं उकरून काढू नकोस."

"उकरत नाहीये गं. पंचवीस वर्षं ऐकतेय, पुढच्या भागात सोडवते, पुढच्या भागात सोडवते. आता मी वेशीवर नसलेच तर सोडवणार कुणाला?" ती हसत होती, पण हात तिनं काढला नाही. "आणि मला बघायचंय ना, एवढी वर्षं मी तिथे करत काय होते."

"आणि तू तिथे नसलीस तर? म्हणजे... त्यांनी मारून टाकलं असेल तर?"

"तर पुण्याला जाताना भांडायला एक विषय घेऊन जाईन."

वृंदाताईंनी बोट दाबलं. तेवढंसं बटण, पण पहिल्यापेक्षा जड गेलं. जहाज सुटलं. वेशीवर बारकी आकृती उभी राहिली. पडदा काळा झाला. मग पडदा उजळला. समोर नवा किनारा होता, जांभळ्या डोंगरांचा. त्यांनी कधीच न बघितलेला.

"अय्या!" वृंदाताई अशा ओरडल्या, की स्वयंपाकघरातून सूनबाई सुरुची काय झालं म्हणून धावत आली.

पुढची प्रकरणं दोघींनी अधाशासारखी खेळली. इकडे देविकाच्या घरी सामान बांधायला माणसं येऊन खोळंबली. राघवचे पुण्याहून फोन. "आई, तारीख पक्की आहे ना?" "अरे हो रे, जरा लढाई चाललीय."

आठव्या प्रकरणात जहाज परत फिरलं. देविकाची गाडी परवावर आली होती. पाचही सोबती किनाऱ्यावर उतरले. वेशीच्या भिंतीत बाणच बाण रुतलेले, दारापुढे धुक्याच्या सैनिकांची चिलखतं रिकामी पडलेली. माणूस कुठेच नाही. वृंदाताईंनी सगळा तट पालथा घातला. बुरूज, कोठार, पहाऱ्याची खोली, काही नाही.

"त्या बाजूला जिना आहे," देविका हळूच म्हणाली.

जिन्याच्या खालच्या पायरीवर एक बाई बसली होती, धनुष्याची दोरी बदलत. पावलं ऐकून तिनं मान वर केली आणि पडद्याखाली तिचं वाक्य उमटलं. त्याचा मराठीत अर्थ एवढाच होता, 'उशीर केलात. खायला काही आणलंय का?'

देविका हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचेना. "अगदी मीच! अगदी मीच गं ही!"

दत्तात्रय पुढे येऊन चष्मा सावरत बघत होते. "पण हे काय? आपण सगळे बाराव्या पातळीवर, आणि ही एकोणिसाव्या? काहीतरी गडबड आहे."

"गडबड नाही दादा," देविका म्हणाली. "तुम्ही पाच मिळून लढत होतात. मी एकटी होते. एकटीला लढावं लागलं की असंच होतं."

नोएडाचं पहिलं भाड्याचं घर, राघवची शाळा, तापात एकटीनं काढलेल्या रात्री. देविकानं त्यांचं गाऱ्हाणं कधी केलं नव्हतं आणि आताही केलं नाही. वृंदाताई माउस बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला का ठेवलं, ते कधी विचारलंच नाहीस."

"का?"

"बाकी कुणी टिकलं नसतं म्हणून. मी तर नाहीच."

देविकानं वहिनीकडे बघितलं. मग नाक ओढून म्हणाली, "असं बोलू नकोस. डोक्यावर चढेन. चल, नववं प्रकरण लाव. आता मी सगळ्यांच्या पुढे. आईला म्हणावं, ढाल ठेव खाली."

नववं प्रकरण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपलं.

देविका ठरल्या तारखेला पुण्याला गेली. तिथे सोसायटीतल्या दोन निवृत्त बायकांना तिनं 'सात मनोरे' शिकवलं. चौथ्या भागाची बातमी आली, की ती आधी द्वारकेला फोन करते. भाग अजून आलेला नाही. राघव म्हणतो, आई आपल्याला घरात चोर म्हणून ओळखते की मुलगा म्हणून, हेच कळत नाही. दत्तात्रयांचा गुडघा बदलून झाला. घरात काहीही विकत आणलं, की ते खोकं उलटंपालटं करून आत किती नग आहेत ते मोठ्यानं वाचतात आणि सगळे घेऊन येतात. परीक्षित मानेसरलाच आहे. त्याला गेममधलं काही कळत नाही, पण दलदल कुठे आहे ते पाठ झालंय. सुरुची परवा विचारत होती, की पहिल्यापासून खेळायला किती दिवस लागतात. कादंबरीनं कॉलेज संपल्यावर गेमसाठी नकाशे काढण्याचं शिक्षण घ्यायचं ठरवलंय. वेस म्हणजे काय, हे ती आता मैत्रिणींना सांगते.

'धुक्याचं राज्य'चा दुसरा भाग दोन हजार पंचवीसच्या शरदात निघाला. सुरू करताच गेमनं पहिला प्रश्न विचारला, की तीस हिवाळ्यांपूर्वी वेस कुणी राखली होती? वृंदाताईंनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला, फोन टीव्हीसमोर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, आणि एकेक अक्षर दाबत नाव लिहिलं.